शालेय कुस्ती : राज्याचा विजेता एक की गटवार?

(आमच्या प्रतिनिधीकडून)

भिंगार : शालेय कुस्तीत मुलाचे वय पाहिले जाते, वजन पाहिले जाते, शाळा मात्र पाहिली जात नाही. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत दोन हजार पटाची शहरी शाळा आणि दीडशे पटाची वाडीवरील शाळा एकाच गादीवर उतरतात. हे न्याय्य आहे काय? की शाळांचे गट पाडून राज्य विजेतेही वेगवेगळे ठरवावेत?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तेथे पेनसिल्व्हेनियात पटसंख्येनुसार शाळांचे दोन, तर आयोवात तीन वर्ग आहेत. उलट इंडियाना आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी कुस्तीत एकच अजिंक्यपद कायम ठेवले आहे. गट पाडल्यास लहान शाळांना संधी मिळते, असे एक बाजू म्हणते. तीन-तीन 'राज्य विजेते' झाले, तर खरा विजेता कोणता, असा दुसऱ्या बाजूचा सवाल असतो.

तो निकष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. अमेरिकेत मल्ल शाळेतच घडतो; आपल्याकडे तो तालमीत घडतो. प्रवेशिकेवर शाळेचा शिक्का असतो, मेहनत वस्तादाची असते. त्यामुळे लहान शाळेचा मुलगा दुबळा आणि मोठ्या शाळेचा बलवान, असे समीकरण मांडता येत नाही. खरी दरी आहे ती निवासी संकुलात रोज गादीवर सराव करणारा मल्ल आणि गावच्या लाल मातीत घुमणारा मल्ल यांच्यात.

शहरी व ग्रामीण अशी विभागणी केली तरी पेच सुटत नाही. भिंगारचेच उदाहरण घ्या. नगर शहराला खेटून असलेले हे गाव छावणी परिषदेच्या कारभाराखाली वाढले. शहराची महापालिका २००३ मध्ये झाली, तेव्हाही भिंगार तिच्या हद्दीबाहेरच राहिले. याला शहरी म्हणायचे की ग्रामीण?

अडचण आणखी एक आहे. शालेय स्पर्धांत नगर जिल्हा पुणे विभागात मोडतो. पुणे आणि सोलापूरच्या कसलेल्या मल्लांना हरविल्याशिवाय येथील मुलाला राज्य पातळी दिसत नाही. दुसऱ्या एखाद्या विभागात सहज पहिला आला असता, असा मल्ल येथे विभागातच गारद होतो. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीवर अवलंबून असल्याने हे नुकसान पदकापुरते राहत नाही.

यावर तोडगा 'महाराष्ट्र केसरी'च्या रचनेत सापडतो. २०२५ मध्ये नगरच्या वाडिया पार्कवर झालेल्या स्पर्धेतही माती आणि गादी असे दोन विभाग होते. मात्र दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी भिडले आणि मानाची गदा पृथ्वीराज मोहोळ या एकाच मल्लाकडे गेली. वाटा दोन, मानकरी एक.

शालेय कुस्तीतही राज्य विजेता एकच राहावा. गट पाडून मिळणारे पदक मुलाला पुढे राष्ट्रीय स्पर्धेत वाचविणार नाही. मात्र तालुक्याच्या तालमीपर्यंत गादी पोहोचावी आणि चुरशीच्या विभागांतून दोन मल्लांना राज्य स्पर्धेत उतरू द्यावे. शिखर एकच असावे. तेथे जाणारी वाट मात्र रुंद करावी लागेल.