सायकल घडविणारे हात

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ साली स्कोडा कंपनीने येथे मोटारींच्या जुळणीस प्रारंभ केला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक नगर आखले गेले व सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात ही घटना लहान नाही. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर गुंतवणुकीच्या आकड्यांत सापडत नाही. यंत्रांच्या एवढ्या सान्निध्यात वाढणाऱ्या तरुणाला एखादे संपूर्ण यंत्र स्वतःच्या हातांनी घडविण्याची संधी कोठे मिळते?

जुळणीच्या रांगेत कामगार एक क्रिया करतो आणि तीच दिवसभर करतो. कोणी चार बोल्ट आवळतो, कोणी एक सांधा तपासतो. याचा दोष कारखान्याला देता येणार नाही, कारण मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा तो स्वभावच आहे. परंतु संपूर्ण वस्तू ज्या हातांनी कधी घडविली नाही, ते हात दुसऱ्याने आखलेले काम चोख करतील. नवे काही आखण्याचे धाडस त्यांना सहसा होणार नाही. नुसते कारखाने असलेला प्रदेश आणि खऱ्या अर्थाने औद्योगिक झालेला प्रदेश यांतील अंतर हेच आहे. ते कमी करण्याचे जे मार्ग संभवतात त्यांतील एक अत्यंत स्वस्त आणि सर्वांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे सायकल. मोटार एकट्याने घडविता येत नाही. सायकल घडविता येते.

जुन्या सायकली शोधून त्यांना पुन्हा उभे करणारे आणि आपल्या कल्पनेप्रमाणे नवी चौकट बांधणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडेही ते आहेत. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभारले आहे. पुण्यातच बांबूच्या चौकटीच्या सायकली हाताने बांधण्याचे प्रयोगही झाले आहेत. या मंडळींचा विशेष ओढा असतो तो ‘क्रूझर’ जातीच्या सायकलीकडे. शिकागोच्या श्विन कंपनीने ऐन मंदीत, १९३३ साली, दोन इंचांहून अधिक रुंदीच्या फुगीर टायरांची सायकल बाजारात आणली आणि तिच्यातून हे घराणे वाढले. वळणदार जाड चौकट, ऐसपैस हँडल, मोटारसायकलीची आठवण करून देणारी दिखाऊ टाकी आणि पायडल उलटे दाबताच लागणारा ब्रेक ही तिची लक्षणे होत. ती जड होती, संथ होती, पण मोडता मोडत नसे.

भारतात आलेली सायकल मात्र दुसऱ्या कुळातील. रॅले, हंबर, हर्क्युलिस या इंग्रजी गाड्यांची उंच चौकट, अठ्ठावीस इंची चाके आणि दांड्यांचे ब्रेक आपण स्वीकारले. सोनिपतची ॲटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांनीही तोच साचा घराघरांत पोहोचविला. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली आणि दिवा नसल्यास पोलीस अडवीत अशी ही काळी गाडी शिक्षकाची, कारकुनाची, पोस्टमनची आणि दूधवाल्याची सोबतीण होती. ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील उत्पादन ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी थांबले. त्या पिढीच्या गाड्या आज माळ्यावर, गोठ्यात किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर आढळतात. किलोच्या भावाने जाणाऱ्या त्या लोखंडात सायकल बांधणाऱ्याला मात्र उद्याची गाडी दिसते.

त्याच्या कामाकडे छंद म्हणून पाहणारे त्यातील विद्या विसरतात. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्या चाकात चाळीस तारा असतात. त्यांतील एकीचा ताण बदलला की शेजारणींचाही बदलतो. चाकाचा ‘आउट’ काढणारा मिस्त्री खडूची खूण पाहत, पाव-पाव फेरा देत चाक सरळ करतो, तेव्हा तो बलांच्या समतोलाचा तोच सिद्धान्त वापरीत असतो, जो अभियांत्रिकीच्या वर्गात फळ्यावर मांडला जातो. पुढच्या चिमट्याचा कल थोडा कमी-अधिक झाला तर गाडी हात सोडताच भरकटेल किंवा वळताना हट्ट करील. नळीच्या सांध्याला उष्णता कमी पडली तर पितळ आत उतरत नाही. जास्त झाली तर पोलाद ठिसूळ होते. पुस्तकातून हे कळते, पण हाताला मात्र ते चार सांधे बिघडविल्याखेरीज उमगत नाही.

सायकलीचा आणखी एक गुण या विद्येला साह्यकारी आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीची साखळी अर्ध्या इंचाच्या मापाची होती आणि आजच्या गाडीचीही त्याच मापाची आहे. त्यामुळे आजोबांच्या चौकटीला नातवाची साखळी चालू शकते. आज घेतलेले घरगुती उपकरण पाच वर्षांनी दुरुस्त होईल याची खात्री नसलेल्या काळात हा गुण सामान्य म्हणता येणार नाही. मात्र या क्षेत्राची एक मर्यादाही पाळली गेली पाहिजे. जी जुनी गाडी मूळ रंगासह आणि मूळ भागांसह पूर्ण आहे, ती कापून तिची क्रूझर करणे म्हणजे दस्तऐवज फाडून पतंग करणे होय. नव्या घडणीसाठी मोडक्या, अपुऱ्या गाड्यांचे भाग भरपूर असतात. जाणता कारागीर पूर्ण गाडी जपतो आणि अपुरी घडवितो.

अशा खटपटीतून काय निर्माण होते याची साक्ष इतिहास देतो. अमेरिकेतील डेटन येथे राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बांधू लागले. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे साखळी आणि दंतचक्रांनीच फिरत होते. क्रूझरचीही अशीच कथा आहे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातील तरुण श्विनच्या भंगारातील जुन्या गाड्या डोंगरउतारावरून सोडीत. उतार संपेपर्यंत मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. जुनी चौकट टिकेना, तेव्हा त्यांच्यातील जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी चौकट बांधली. आज जगभर विकली जाणारी माउंटन बाइक या भंगाराच्या खेळातून जन्मली. बड्या कंपन्या तिच्यामागून आल्या.

महाराष्ट्राला तर यासाठी परदेशी दाखल्याचीही गरज नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ म्हणून १८८८ हे वर्ष त्यामुळेच सांगितले जाते. सायकलीपासून कडबा कापण्याच्या यंत्राकडे, तेथून लोखंडी नांगराकडे आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीकडे असा तो प्रवास झाला. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे मोटार प्रकल्प उभारण्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. सायकलीच्या दुकानापासून सुरू झालेले नाव असे १३६ वर्षांनी या जिल्ह्याच्या दाराशी आले. त्या नावाचे स्वागत करताना ते कोणत्या दुकानातून निघाले याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. हाताने बांधलेली सायकल हा आज पुष्कळदा पैसेवाल्यांचा शौक असतो. पाळी संपवून गावाकडे परतणाऱ्या कामगाराला मोटारसायकलच हवी, त्याला संथ क्रूझरचे कौतुक सांगून काय होणार? मोटारसायकल सोडून सायकल धरा, असा उपदेश त्याला करण्याचा अधिकार कोणासही नाही. येथे प्रश्न वाहनाचा नसून शिक्षणाचा आहे. शौकिनांची सायकल महाग असते ती प्रामुख्याने आयात सामानामुळे. शिकणाऱ्याला भंगारातील चौकट, एक शेगडी, एक व्हाइस, चार पाने आणि शिकविणारा मिस्त्री एवढे पुरे आहे. असे मिस्त्री आज गावोगाव उतारवयात आहेत. त्यांच्या दुकानांची जागा मोटारसायकलींच्या गॅरेजांनी घेतली आणि त्यांच्या हातांतील विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदली गेली नाही. ती त्यांच्याबरोबर संपली तर पुन्हा विकत आणता येणार नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी व्हावयास हव्यात. शेंद्र्यासारख्या वसाहतीत सायकल घडविणाऱ्यांसाठी दोन-चार गाळे अल्प भाड्याने राखून ठेवता येतील. कारखान्यांतील नळ्यांचे आणि पत्र्याचे उरलेले तुकडे तेथे देता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रत्येक विद्यार्थ्याने प्रमाणपत्रापूर्वी एक सायकल पूर्ण उघडून पुन्हा जोडावी आणि ती चालवून दाखवावी, असा नियम करण्यास फारसा खर्च येणार नाही. वृद्ध मिस्त्रींना तेथे मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. आणि बांधलेली गाडी चालविण्यासाठी जालना रस्त्यावरील अवजड वाहनांपासून अलग अशी सुरक्षित वाटही असावी.

या जिल्ह्याने हिमरूचा माग आणि पैठणीचा पदर जपला आहे. वसाहतीच्या शेजारच्या गावाचे नाव शेंद्रा कमंगर आहे आणि फारसीत ‘कमानगर’ म्हणजे धनुष्ये घडविणारा. तेव्हा कारागिरी येथे परकी नाही. लोखंडातील कारागिरीला मात्र अद्याप तो मान मिळालेला नाही. एकदा स्वतः सायकल बांधलेला तरुण जुळणीच्या रांगेत उभा राहील, तेव्हा हा बोल्ट येथेच का, असे तो विचारील. त्याचा तो प्रश्न पर्यवेक्षकाला कदाचित रुचणार नाही. परंतु नव्या उद्योगांची सुरुवात अशाच प्रश्नांपासून होते, आणि मराठवाड्याला आता असे प्रश्न विचारणाऱ्यांची गरज आहे.