मोहरीचे तेल आणि धोरणाची धरसोड

मराठी घरात मोहरीची गाठ पडते ती फोडणीपुरतीच. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात मात्र मोहरीचे तेल हेच रोजच्या स्वयंपाकाचे तेल होय. राई, तोरिया, सरसों इत्यादी मोहरीवर्गीय पिकांचे देशातील उत्पादन १९५०-५१ साली साडेसात लाख टनांच्या घरात होते. २०२३-२४ साली ते सुमारे १३२ लाख टनांवर गेले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे प्रगतीचे चित्र मोठे मनोहर दिसते. तथापि ही वाढ संथपणे, एका गतीने झालेली नाही. ती वेगाने झाली, दीर्घकाळ थबकली आणि पुन्हा वेगाने झाली. उत्पादन वाढले किती यापेक्षा ते थबकले का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

१९८५-८६ साली हे उत्पादन सुमारे २७ लाख टन होते. मे १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. सुधारित बियाणे, लागवडीची माहिती, तेल काढण्याची व्यवस्था आणि भावाचा आधार या चारही बाजूंनी एकाच वेळी प्रयत्न झाले. त्या काळात खाद्यतेलाची आयात सरकारच्या हाती होती, ही गोष्टही विसरता येत नाही. १९९६-९७ पर्यंत मोहरीचे उत्पादन सुमारे ६६ लाख टनांवर पोहोचले. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी तर खाद्यतेलाच्या बाबतीत देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. ज्याला ‘पीतक्रांती’ म्हणतात ती हीच.

पुढे चित्र पालटले. १९९४ पासून पामतेलाची व पाठोपाठ अन्य तेलांची आयात खुली झाली आणि आयातशुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर उतरले. त्याच वर्षी दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साठांहून अधिक बळी घेतले. सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि त्याची झळ छोट्या घाणेवाल्यांना बसली. स्वस्त पामतेलाने बाजार व्यापला. मधल्या काही चांगल्या वर्षी मोहरीने ८० लाख टनांचा पल्ला ओलांडला हे खरे. पण २०१४-१५ साली उत्पादन पुन्हा ६३ लाख टनांच्या आसपासच होते. म्हणजे अठरा वर्षांनंतर गाडी होती तेथेच!

यानंतरची उभारी विशेष बोलकी आहे. २०२१ मध्ये जागतिक बाजारात तेलाचे भाव भडकले. मोहरीचा हमीभाव क्विंटलला ४,६५० रुपये असताना बाजारात तिला ७,००० रुपयांहून अधिक मिळू लागले. परिणामी २०२०-२१ मधील सुमारे ६७ लाख हेक्टरांचे क्षेत्र तीन वर्षांत ९० लाखांच्या वर गेले. या वाढीमागे कोणतेही चमत्कारी बियाणे नव्हते. हातात पडलेला चांगला भाव एवढेच तिचे मुख्य कारण होते. शेतकरी अडाणी आहे, नवे स्वीकारत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

परंतु याच सुमारास सरकारने भाववाढ रोखण्यासाठी कच्च्या तेलावरील शुल्क ५.५ टक्क्यांपर्यंत खाली आणले आणि सोयाबीन व सूर्यफूल तेलाचा ठरावीक साठा शुल्काविना येऊ दिला. २०२३ च्या वसंतात नवी मोहरी बाजारात आली तेव्हा हमीभाव ५,४५० रुपये होता आणि राजस्थानातील अनेक मंड्यांत भाव त्याच्याही खाली होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० टक्के करण्यात आले. मे २०२५ अखेर ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. ऑक्टोबरात पेरणी करणाऱ्याने मार्चमधील भावाचा अंदाज बांधावा तरी कशाच्या आधारावर? २०२४-२५ साली क्षेत्र व उत्पादन दोन्ही काहीसे घटले, यात नवल नाही.

बियाण्याचा प्रश्न गौण आहे असे नव्हे. भारतात हेक्टरी उत्पादन दीड टनाच्या आतबाहेर आहे. जागतिक सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. जनुकीय बदल केलेल्या ‘डीएमएच-११’ या संकरित वाणाचा वाद जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींतील मतभेदापर्यंत गेला. त्याचा निर्णय काहीही होवो, वाढलेल्या पिकाला भाव मिळाला नाही तर उत्तम बियाणेही पोत्यातच राहील.

दुसऱ्या बाजूला ग्राहक आहे. ठरावीक पगारात महिना काढणाऱ्या कुटुंबाला तेलाचा भाव क्षुल्लक वाटत नाही आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण आयातीचे स्वस्त तेल कायम स्वस्तच राहील, याची हमी कोण देणार? एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा या परावलंबनाची किंमत कळली. २०२२-२३ साली देशाने सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आणले. गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल परदेशी होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने १०,१०३ कोटी रुपयांचे नवे तेलबिया अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत गरजेच्या ७२ टक्के तेल देशातच काढावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. ते साधायचे तर आयातशुल्काचा नियम पेरणीपूर्वी जाहीर झाला पाहिजे. जागतिक भाव पडला की शुल्क वाढावे, तो चढला की उतरावे, आणि आयात तेल हमीभावाच्या मोहरीला मारक ठरू नये, इतका तो सरळ असावा. गरीब ग्राहकाला दिलासा द्यावयाचा तो शिधावाटप दुकानातून, सरकारी तिजोरीतून द्यावा. शेतकऱ्याच्या खळ्यातून नव्हे. एका हाताने बियाणे देऊन दुसऱ्या हाताने भाव पाडणे ही धरसोड थांबली नाही, तर नव्या अभियानाच्या वाट्यालाही जुन्याचेच भवितव्य येईल.