शहाण्या यंत्रांची परीक्षा

परिस्थिती पाहून आपले वर्तन आपणच बदलणाऱ्या संगणक-प्रणालींचे सध्या मोठे कौतुक चालू आहे. ते अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु अशा प्रणालीला मिळणारी माहितीच खोटी ठरली तर ती काय करील, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाच्या उपेक्षेची किंमत जगाने मोजली आहे. बोइंग ७३७ मॅक्स विमानात 'एमकॅस' नावाची प्रणाली होती. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेल्याचे कळताच ते आपोआप खाली आणणे हे तिचे काम. त्यासाठी लागणारा कोन मोजणारे संवेदक विमानावर दोन होते. पण ही प्रणाली एका वेळी एकाच्याच साक्षीवर विसंबे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात ती साक्ष खोटी निघाली. प्रणाली मात्र इमानाने विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली दाबीत राहिली. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ माणसे प्राणांस मुकली.

चाचणी झालीच नव्हती असे नाही. प्रणाली अकारण चालू झाल्यास काय होईल, हे कंपनीने सिम्युलेटरवर पाहिले होते. परंतु संवेदकाच्या बिघाडाने ती चालू झाली आणि त्याच बिघाडाने वैमानिकापुढे इतर इशाऱ्यांचाही गलका उडाला, तर काय, हे पाहिले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. दोन्ही संवेदकांची तुलना करण्याची सुधारणा पुढे झाली. ती अपघातांपूर्वी सुचावयास हवी होती.

याउलट नेटफ्लिक्स ही करमणुकीची कंपनी 'केऑस मंकी' नामक साधनाने, चालू कारभारात, आपलेच सर्व्हर मुद्दाम बंद पाडून सेवा टिकते की नाही हे पाहू लागली. चित्रपट दाखविणाऱ्याने जी दक्षता घ्यावी, ती प्राण सांभाळणाऱ्याने घेऊ नये काय?

मार्च २०१९ मध्ये भारतानेही ही विमाने जमिनीवर ठेविली, ते योग्यच झाले. पण ती अपघातानंतरची सावधगिरी होती. वीज, रेल्वे, रुग्णालये यांसाठी अशा प्रणाली घेताना सरकारने आधीच सावध व्हावे. खोटी माहिती, तुटलेली तार, मुका संवेदक यांच्यासमोर त्यांची परीक्षा घ्यावी आणि निकाल लोकांपुढे ठेवावा. पाठ करून घेतलेलेच प्रश्न विचारणे, ही परीक्षा नव्हे.