हैदराबादमधली ती थप्पड

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला. तेव्हापासून त्यावर रकानेच्या रकाने लिहून झाले. पण बहुतेक चर्चा गाण्यांवर नाही तर शेवटच्या रक्तपातावर अडकली. मधला हैदराबादचा भाग 'उगाच लांबवला' म्हणून अनेकांनी निकालात काढला. आम्हांला मात्र सिनेमाचा कणा तिथेच दिसतो.

पाटलाच्या घरात वाढलेली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची झोपडपट्टीत येऊन पडते. तिथली घाण तिला सोसत नाही. मासेमारी करणाऱ्या घरातल्या परशाला त्याचे तेवढे काही वाटत नाही. कोणाच्या अंगवळणी काय पाडायचे, हेसुद्धा जातच ठरवते! मंजुळे यांनी हे एकही भाषण न देता दाखवले.

पुढे आर्ची कारखान्यात कामाला लागते. चार पैसे मिळवते, चार माणसांशी हसून बोलते. झाले, परशाच्या डोक्यात संशय शिरतो आणि तो तिला थोबाडीत मारतो. अजून लग्नाचा पत्ता नाही, तरी मालकी हक्क आला! ज्याला गावात पाटलाच्या माणसांनी तुडवले, तोच इथे तिचा पाटील होऊ पाहतो. हा प्रसंग आमच्या तरुणांची बदनामी आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे मानत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली ती चौकट टिकवण्यासाठीच आल्या, हेही त्यांनी मांडले. म्हणजे बाईवर पहारा नसेल तर जात टिकत नाही. आर्चीचे भाऊबंद हाच पहारा देत हैदराबादपर्यंत येतात. पण त्यांच्या आधी तो पहारा परशाच्या डोक्यात बसूनच झोपडीत शिरलेला असतो. १९३६ साली बाबासाहेबांनी जात मोडण्यासाठी आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला. पळून जाऊन जात ओलांडली, तरी घरात तोच पहारा बसवला तर मोडले काय?

२०१८ मध्ये हिंदीत आलेल्या 'धडक'ने तर जातीलाच कोपऱ्यात ढकलले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

'झिंगाट' आमच्या वस्त्यांतल्या वरातींतही वाजते. वाजू द्या, आमची हरकत नाही. त्या तालावर बेभान नाचणाऱ्यांपैकी किती जण उद्या कामावरून उशिरा आलेल्या बायकोचा मोबाईल तपासणार आहेत?