फॉर्मच्या शेवटच्या रकान्यातले दोन विषय

इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांत इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात एक फॉर्म पडतो. इंग्रजी, गणित, विज्ञान हे विषय ठरलेलेच असतात. उरलेले तीन-चार मुलांनी निवडायचे आणि इयर इलेव्हनच्या शेवटी, मे-जूनमध्ये, त्यांची जीसीएसई परीक्षा द्यायची. हॅरो असो की स्लाव, मराठी घरांत या फॉर्मवर बराच खल होतो. इतिहास की भूगोल, फ्रेंच की स्पॅनिश, कॉम्प्युटर सायन्स झेपेल का, अशी चर्चा रंगते. शेवटच्या रकान्यात 'पी.ई.' आणि 'आर.एस.', म्हणजे शारीरिक शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास, समोरासमोर आले की मात्र ती झटक्यात आटोपते. "खेळायला शाळा सुटल्यावर वेळ आहेच की!" आणि "धर्म शिकून पुढे करणार काय तू?" एवढ्यावर दोन्ही विषय निकालात निघतात.

त्यात पालकांचा फारसा दोष नाही. महाराष्ट्रात शिकलेल्या पिढीने पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी घेतलेला पाहिलाय. दहावीच्या गुणपत्रिकेत शारीरिक शिक्षणाला श्रेणी मिळते, टक्केवारीत ते धरत नाहीत. धर्माचं तर नावच नको. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं राज्यघटनेचं 28वं कलम सांगतं. इंग्लंडमधली रीत नेमकी उलटी. तिथे 1944च्या कायद्याने शाळेत धार्मिक शिक्षण सक्तीचं केलं. 1988च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली, पण ख्रिस्ती परंपरेबरोबर देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यायला लावली. मुलाला या तासातून काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे. थोडक्यात, खेळाचा आणि धर्माचा तास फॉर्मवर खूण केली नाही तरी असतोच. खूण करायची ती परीक्षेसाठी, आणि या दोन्ही परीक्षा वाटतात तेवढ्या सोप्या नाहीत.

पी.ई.मध्ये साठ टक्के गुण लेखी परीक्षेला आहेत. टाचा उचलून उभं राहिलं की पायात कोणत्या प्रकारची तरफ तयार होते, दमछाक झाल्यावर शरीराला जास्तीचा प्राणवायू का लागतो, मनावरचा ताण किती वाढला की खेळ सुधारतो आणि कुठून पुढे बिघडतो, उत्तेजक द्रव्यं, प्रायोजक आणि वाहिन्यांचं अर्थकारण असं सगळं त्यात येतं. उरलेल्या चाळीस टक्क्यांतले तीस टक्के तीन खेळांना: एक सांघिक, एक वैयक्तिक आणि तिसरा दोन्हींपैकी कुठलाही. एक्यूए या परीक्षा मंडळात प्रत्येक खेळाला 25 गुण असतात. 10 सुट्या कौशल्यांना आणि 15 प्रत्यक्ष सामन्यात ती कशी वापरली याला. नेटमध्ये देखणा कव्हर ड्राइव्ह मारणाऱ्या मुलाचं पितळ उघडं पडतं ते या 15 गुणांत. बॅडमिंटन एकेरीत खेळलं तर वैयक्तिक आणि दुहेरीत सांघिक, पण एकाच मुलाला दोन्हीकडे ते धरता येत नाही. शेवटचे दहा टक्के स्वतःच्या खेळाची चिकित्सा करण्याला. आपलं कुठे चुकतं हे पंधराव्या वर्षी कागदावर मांडणं मोठ्या माणसांनाही जड जावं असं काम आहे.

मान्य खेळांच्या यादीबद्दल मात्र तक्रार करावीच लागेल. तीत घोडेस्वारी आहे, स्कीइंग आहे, पालनौका आहे. कबड्डी नाही. मार्च 2025 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम या परिसरात कबड्डीचा विश्वचषक भरला. त्याच गावांतल्या मुलांना ती परीक्षेत खेळता येत नाही. ज्या खेळांना महागडी साधनं आणि आठवड्याच्या सहली लागतात त्यांना दार उघडं आणि ज्याला फक्त मोकळं मैदान लागतं त्याला बंद, हे कुठल्याही निकषावर पटत नाही.

आर.एस.चं दुखणं वेगळं. 2010 मध्ये मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना शाळांना 'इंग्लिश बॅकलॉरिएट' हा मापदंड लागू झाला. इतिहास-भूगोल त्यात आले, धर्म राहिला बाहेर. ज्याने शाळेचं नाव वर जातं तेच शाळा पुढे करणार. त्यात भर म्हणजे या विषयाला शिक्षक पुरेसे मिळत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी मूळचा दुसराच विषय शिकवणारे शिक्षक हा तास घेतात. तरीही दरवर्षी दोन लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात. पी.ई.ला बसणारे त्यांच्या निम्मेही नसतात. नोव्हेंबर 2025 मध्ये अभ्यासक्रमाच्या फेरआढाव्यानंतर सरकारने तो मापदंड मोडीत काढायचं ठरवलं, हे फार बरं झालं.

या विषयाची खरी ताकद दिसते ती बारा गुणांच्या प्रश्नात. एक विधान देतात, समजा, 'फाशीची शिक्षा कधीच समर्थनीय ठरत नाही.' मुलाने त्याच्या बाजूने लिहायचं, मग विरुद्ध बाजूने, दोन्हीकडे धर्मांच्या शिकवणीचा आधार द्यायचा आणि शेवटी कारणांसह आपला निर्णय. एकाच बाजूने कितीही जोरदार लिहिलं तरी वरच्या श्रेणीतले गुण हाती लागत नाहीत. घरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडलेली मुलांच्या कानावर क्वचितच पडते. इथे ती न मांडता सुटकाच नाही. केवळ एवढ्यासाठी हा विषय घ्यावा, इतकं त्याचं मोल आहे.

2016 पासून दोन धर्म शिकणं सक्तीचं आहे, पण ते दोन कोणते हे शाळा ठरवते. हिंदू धर्म अभ्यासक्रमात आहे: आत्मा, कर्म, मोक्ष, अवतार, पूजा, यात्रा सगळं. प्रत्यक्षात बहुसंख्य शाळा ख्रिस्ती आणि इस्लाम हीच जोडी घेतात. घरी हरिपाठ ऐकत वाढलेली मुलगी मग सुन्नी परंपरेतली श्रद्धेची सहा कलमं आणि शियांची पाच मूळ तत्त्वं पाठ करते, काही ख्रिस्ती पंथ बाप्तिस्मा मोठेपणीच का देतात ते लिहिते. काही पालकांना ते खटकतं. खटकू नये. घरचं तिला घरी मिळतंच, आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा रोजा कशासाठी आहे हे समजावून देणारा तास वेळापत्रकात हा एकच आहे.

फॉर्मवर सही करण्याआधी शाळेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. आर.एस.साठी: शाळा कोणते दोन धर्म शिकवते, आणि शिकवणाऱ्यांचा मूळ विषय कोणता? पी.ई.साठी: मुलाचा खेळ यादीत आहे का, आणि त्याचं चित्रण कधी करायचं? क्रिकेटवाल्या घरांनी दुसरा प्रश्न विसरू नये. बाहेरचे परीक्षक गुण तपासायला वसंतात येतात, आणि तेव्हा इंग्लंडमधल्या मैदानांवर हंगाम जेमतेम सुरू होत असतो. मुलाची फलंदाजी आधीच्या उन्हाळ्यातच चित्रित करून ठेवावी.