रूळ त्यांचे, गाडीही त्यांची

खिशातलं यंत्र : साप्ताहिक सदर
‘नगरी’

कांद्याचा लिलाव नेप्तीला होवो की घोडेगावला, तो चारचौघांसमोर होतो. बोली लागते, वजन होतं, हिशोबपट्टी हातात पडते. पण माल गाडीत भरून दक्षिणेकडे निघाला, की पुढचा सगळा व्यवहार फोनवर आणि तोंडी. ‘माल ओला निघाला, किलोमागे दोन रुपये कमी धरा,’ असं पलीकडून येतं. इकडचा व्यापारी ‘बघू’ म्हणतो. आठ-दहा दिवसांनी पैसे जमा होतात, तेव्हा त्या ‘बघू’चा अर्थ काय होता यावरून जुंपते. दूधवाले, ऊसतोडीचे मुकादम, ट्रान्सपोर्टवाले या सगळ्यांचं असंच चालतं. त्यामुळे कॉल आपोआप रेकॉर्ड करणारं एखादं फुकट ॲप या मंडळींच्या फोनमध्ये हमखास असायचं.

११ मे २०२२ पासून त्या ॲप्सचं दाणापाणी तुटलं.

त्या दिवसापासून गूगलच्या प्ले स्टोअरचा नवा नियम लागू झाला. अँड्रॉइडने कॉल रेकॉर्डिंगचा सरळ रस्ता त्याआधीच बंद केला होता. तेव्हापासून बाहेरच्या विकासकांनी ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या दारातून वाट काढली होती. ही सोय मुळात ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं, बटणं दाबू शकतं. गूगलने सांगितलं, ही सोय पलीकडच्या माणसाचा आवाज टिपण्यासाठी नाही. कारण खोटं नव्हतं. बँकेचे पासवर्ड चोरणारी भामटी ॲप्सही याच दारातून आत शिरतात. ट्रूकॉलरसारख्या बड्या कंपनीनेही आपलं रेकॉर्डिंग निमूटपणे काढून टाकलं.

पण गूगलच्या स्वतःच्या ‘फोन’ ॲपमधलं रेकॉर्डिंग चालूच राहिलं. अनेक फोनमध्ये ते कारखान्यातूनच येतं, त्याला हा नियम लागू नव्हता. फरक इतकाच की बटण दाबलं की एक बाई इंग्रजीत जाहीर करते, कॉल रेकॉर्ड होतोय. दोन्ही बाजूंना ते कळावं हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. व्यापाराला मात्र ते परवडत नाही, कारण ती घोषणा झाली की पलीकडचा माणूस एकदम हवापाण्याच्या गप्पा मारू लागतो. मग गंमत अशी झाली, की काही फोन कंपन्यांनी भारतातल्या ग्राहकांसाठी आपला जुना डायलर परत आणला. ‘घोषणेशिवाय रेकॉर्डिंग’ ही फोन विकत घेण्याची एक खूण होऊन बसली. नियम सुरक्षेचा होता, तर तो फोन बनवणाऱ्याला एक आणि ॲप बनवणाऱ्याला दुसरा कसा, हे कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हा खेळ स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. २००१ मध्ये कॅरेलिया या छोट्या कंपनीच्या डॅन वुड यांनी मॅक संगणकासाठी ‘वॉटसन’ नावाचा प्रोग्राम काढला. सिनेमाच्या वेळा, शेअरचे भाव, विमानांच्या वेळा, सगळं ब्राउझर न उघडता एका खिडकीत. ॲपलचा ‘शेरलॉक’ नावाचा शोधप्रोग्राम १९९८ पासून होताच. २००२ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, आणि तिने वॉटसनची जवळजवळ सगळी कामं फुकटात करायला घेतली. त्या सुमारास स्टीव्ह जॉब्ज यांनी फोनवर काय सांगितलं, ते वुड यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. रुळांवरून हाताने दांडा मारत चालवायची छोटी गाडी असते ना, ती तुमची कंपनी. ॲपल म्हणजे वाफेचं इंजिन, आणि रूळ ॲपलच्या मालकीचे. इतकं स्पष्ट बोलायलाही दम लागतो. आजच्या कंपन्या हीच गोष्ट ‘वापरकर्त्याच्या उत्तम अनुभवासाठी’ अशा गुळगुळीत शब्दांत सांगतात.

म्हणून फोनने प्रत्येक गोष्ट पोटात घेतली म्हणजे अन्यायच झाला, असं मात्र नाही. टॉर्चचंच घ्या. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला वरच्या टोकाला टॉर्च होता. रात्रीच्या लाइटीच्या पाळीला मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला याहून उपयोगी फोन मिळाला नव्हता. पुढे महागडे स्मार्टफोन आले. त्यांत कॅमेऱ्याचा झगझगीत फ्लॅश होता, पण तो नुसता पेटवून ठेवायचं बटण बहुतेकांत नव्हतं. ती उणीव टॉर्चच्या शेकडो ॲप्सनी भरून काढली. त्यांतलंच एक, ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’, कोट्यवधी फोनांवर पोचलं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच्यावर ठपका ठेवला, की दिवा पेटवता पेटवता हे ॲप माणूस कुठे आहे याची माहिती जाहिरातवाल्यांना पुरवतं. त्याच वर्षी आयफोनने आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडने टॉर्चचं बटण फोनमध्येच दिलं. त्या ॲप्ससाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत, ढाळायचं कारणही नव्हतं. एका बटणाचं काम हे फोनचंच काम.

वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. रात्री पडद्याचा निळा उजेड कमी करून तो पिवळसर करणारं ‘एफ-लक्स’ २००९ पासून संगणकावर मिळत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच्या कर्त्यांनी ॲप स्टोअरला वळसा घालून ते आयफोनवर टाकण्याची युक्ती दिली. ॲपलने नियमावर बोट ठेवून ती बंद करायला लावली. मार्च २०१६ मध्ये आयफोनमध्ये ‘नाइट शिफ्ट’ आलं. काम तेच. आयफोनवर तसं करायची परवानगी बाहेरच्या कुणालाच नव्हती. स्पर्धकाने ग्राहक पळवला, तर त्याला धंदा म्हणतात. इथे रूळ ज्याचे त्याने आधी फाटक पाडलं आणि मग आपली गाडी सोडली.

मराठी कळफलकाची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, आणि आपल्या जवळचीही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ तयार केलं. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती एक चाक उघडतं. त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी मांडलेली. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवून उचललं की ते उमटलं. टायपिंगचा क्लास नको, इंग्रजी स्पेलिंग नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कुणालाही ते दहा मिनिटांत जमावं, असं त्याचं तर्कशास्त्र होतं. मराठीसारखंच ते इतरही भारतीय भाषांसाठी केलं गेलं.

मग गूगल आलं. एप्रिल २०१७ मध्ये त्याच्या जीबोर्ड या कळफलकात २२ भारतीय भाषांची सोय झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मराठीत बोलून टाइप करणंही. नवा अँड्रॉइड फोन उघडला की तो कळफलक बहुधा आधीच आत बसलेला. यातून मराठीचं भलं झालं हे मान्यच करायला हवं. शेवगावच्या एखाद्या आजीने नातवाला पाठवलेला देवनागरी निरोप बहुधा माइकमधून आलेला असतो, आणि हे कुठल्याही विद्यापीठाच्या प्रयोगाच्या आवाक्यातलं काम नव्हतं. पण ज्यांना बोटांनी लिहायचं आहे, त्यांतले कितीतरी जण आता ‘मी येतो’ लिहायला इंग्रजी अक्षरं दाबतात आणि खाली येणाऱ्या मराठी शब्दावर बोट ठेवतात. जीबोर्डमध्ये देवनागरी मांडणीही आहे, तिच्याकडे वळतो कोण? देवनागरी बोटांनी कशी लिहावी यावर स्वरचक्रासारखं नवं काही करून बघायला आज एखादा विकासक बसला, तर आधीच बसवलेला कळफलक काढून त्याचा कळफलक टाकायला लोकांना कसं पटवायचं, हा त्याचा पहिला प्रश्न असेल. तिथेच बहुतेकांचा उत्साह संपतो.

संगणकावर नेमकं उलटं घडलं होतं. विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉन्ट फुकट आला, तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या विकतच्या फॉन्टसंचाचा खेळ संपला, असं वाटायला जागा होती. पण लग्नपत्रिकेवर मंगल कोण छापणार? नगरच्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी अजून चालते.

फोनवाल्याला विकासकाला चिरडण्याऐवजी विकतही घेता येतं. बेंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने ‘व्हेअर इज माय ट्रेन’ केलं. इंटरनेट नसलं, तरी मोबाइलच्या टॉवरवरून ते गाडी कुठवर आली ते सांगतं. दौंड-मनमाड मार्गावर डब्यात बसून ‘बेलवंडी गेलं का?’ विचारणाऱ्या प्रवाशासाठी याहून नेमकं औषध नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी गूगल मॅप्समध्ये गाड्यांची चालू स्थिती दिसू लागली. मुंबईच्या सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ मात्र न विकता टिकलं. कुठल्या स्टेशनला फलाट कुठल्या बाजूला येतो, इतक्या बारक्यात जगभरासाठी नकाशा करणारी कंपनी सहसा उतरत नाही.

आता पाळी फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरची आहे. ही स्टॉकहोममध्ये २००९ साली सुरू झालेली कंपनी, पण तिचा सर्वांत मोठा बाजार भारत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली, की फोन येताच सिमकार्डाच्या अर्जावरचं नाव समोरच्याच्या पडद्यावर दिसावं. ही सोय नेटवर्कच देणार, वेगळं ॲप लागणार नाही. फसवणुकीच्या फोनांचा सुळसुळाट बघता हेतू चांगलाच आहे. पण खेड्यातल्या एका घरातली तीन-चार सिमं वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असतात. सुनेचा फोन आला की पडद्यावर सासऱ्याचं नाव येणार. लोकांनी स्वतः सुचवलेली ‘जेसीबीवाला’, ‘दूध डेअरी, सोनई’ अशी नावं ट्रूकॉलरवर दिसतात, सिमच्या अर्जात ती नसतात. ट्रूकॉलर संपेल असं नाही, पण त्याचं फुकटातलं मुख्य काम तरी नेटवर्ककडे जाईल.

या सगळ्यात सरकार काय करतं? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडबाबत १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये गूगलची सगळी ॲप्स एकगठ्ठा घालायची सक्ती हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, मात्र आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या. त्याच खटल्याच्या रेट्यामुळे फोन कंपन्यांना गूगलची ॲप्स सुटी सुटी घ्यायची मुभा मिळाली. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, त्यात बड्या कंपन्यांनी स्वतःच्या सेवांना झुकतं माप देण्यावर बंधन सुचवलं होतं. युरोपात तसा कायदा त्याच महिन्यात लागूही झाला. आपल्याकडे भर अजून दंडावर आहे. दंड होतो तेव्हा बहुतेक ॲप्स बंद पडून वर्षं उलटलेली असतात. खरी मागणी साधी हवी : फोनमधल्या ज्या सोयीला कंपनीचं स्वतःचं ॲप हात घालतं, तिला त्याच अटींवर बाहेरच्यालाही हात घालता यावा. धोका असेल तर ती दोघांनाही बंद.

हे किती बारीक पातळीवर नडतं, ते बघायला नेवाशाच्या शिवारात जावं. रोटाव्हेटर किंवा हार्वेस्टर भाड्याने देणारे क्षेत्रावर पैसे घेतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. क्षेत्र मोजायला ड्रायव्हर हातात फोन धरून बांधाने चक्कर मारतो, ॲप मागे ठिपके टाकत जातं आणि शेवटी गुंठे सांगतं. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचा जीपीएस चार-पाच मीटरने चुकू शकतो, म्हणजे गुंठ्याच्या जवळजवळ अर्ध्या बाजूने. त्यावरून बांधावर बाचाबाची ठरलेली. तरी हे ॲप वापरतात, कारण मोठ्या कंपन्यांच्या नकाशांत गुंठे शोधून सापडत नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकाला पाणी किती द्यायचं हे सांगणारं ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ काढलं, तेही अशाच जागेसाठी.

तर ड्रायव्हर निम्मं रान चालून येतो, फोन खिशात टाकतो आणि पडदा काळा होतो. बऱ्याच कंपन्यांच्या फोनमधली बॅटरी वाचवणारी यंत्रणा पडदा बंद झालेला पाहून ते मोजणीचं ॲप मारून टाकते. ज्यांना मारायचं नाही त्या ॲप्सची यादी कंपनीनेच आधी ठरवलेली असते, आणि त्यात या छोट्या ॲपचं नाव नसतं. सेटिंगमध्ये चार पायऱ्या खोल जाऊन ‘बॅटरीवर बंधन नको’ असं सांगावं लागतं. ते माहीत नसलेला ड्रायव्हर पडदा चालू ठेवून पहिल्या बांधापासून पुन्हा चालायला लागतो, आणि शेतमालक म्हणतो, ॲपच भंगार आहे.