सनद कुठे आहे?

दर शुक्रवारी पनवेलमधल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादी सुबक छापलेली ‘हदीस’ येते. खाली ना संग्रहाचे नाव, ना क्रमांक. जुम्याच्या नमाजआधी ती आणखी दहा ग्रुपवर पोहोचलेली असते.

मराठीत हदीसचा अर्थ ‘पारंपरिक वचन’ असा सांगतात. त्यामुळे ती म्हणीसारखी जुनी उक्ती वाटते. अरबीत मात्र हदीस म्हणजे बोलणे, वार्ता. ‘कदीम’च्या उलट ‘नवे’ हाही तिचा अर्थ. ‘हादसा’ त्याच धातूतला. कुरआनने (३९:२३) स्वतःलाही सर्वोत्तम ‘हदीस’ म्हटले आहे. पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बोलणे, कृती आणि मूक संमती यांच्या वृत्तांतासाठी हा शब्द रूढ झाला.

म्हण कोणाची, हे कोणी विचारत नाही. वार्ता म्हटली की ती कोणी दिली, हा प्रश्न आलाच. म्हणून हदीसचे दोन भाग असतात : मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो सांगणाऱ्यांची साखळी. सनद आपल्याला परकी नाही. वतनाची सनद, सनदी लेखापाल हे शब्द मराठीच आहेत. मूळ अर्थ आधार, टेकू. ‘मसनद’ही त्यातूनच आली. इमाम बुखारी (निधन इ.स. ८७०) यांच्यासारख्या मुहद्दिसांनी साखळीतल्या प्रत्येकाची सचोटी आणि स्मरणशक्ती पारखली.

‘चांगलीच गोष्ट आहे, पुढे पाठवली तर बिघडले काय?’ असे विचारले जाते. ज्ञानासाठी चीनला जाण्याचे वचन लोकप्रिय आहे. बाराव्या शतकात इब्नुल जौझी यांनी ते बनावट हदीसींच्या संग्रहात घातले. देशप्रेम हा इमानचा भाग असल्याचे वचन १५ ऑगस्टच्या भाषणांत हमखास येते. हदीसतज्ज्ञांनी तेही बनावट ठरवले आहे. शिक्षण हवे, देशप्रेमही हवे. पण शिक्षणासाठी ‘इकरा’ पुरेसे आहे आणि देशप्रेम वागण्यातून दिसते. चांगल्या हेतूने खोट्याला दार उघडले की त्याच दाराने स्त्रियांना कमी लेखणारी, शेजाऱ्याचा द्वेष शिकवणारी बनावट वचनेही आत येतात. आपल्या नावावर जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला प्रेषितांनी (स.) नरकाचा इशारा दिला आहे, तो बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोडची ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद आम्ही ठेवतो. दीनच्या बाबतीत एवढी तरी काळजी हवी. पुढची हदीस आली की पाठवणाऱ्याला अदबीने विचारा : संग्रह कोणता, क्रमांक किती, दर्जा काय – सहीह, हसन की जईफ? उत्तर मिळाले नाही आणि विचार तरीही आवडला, तर तो खुशाल पाठवा. फक्त खाली स्वतःचे नाव लिहा.